फळ्यावरचा सत्तावीस नंबर

शनिवारी दुपारी मैदानाच्या वरच्या अंगाला असलेल्या लाकडी खोलीत बसायचं आणि गडी मोजायचे, हे माझं काम. लोकांना वाटतं, वेन्डेल कुचेरा म्हणजे हॉलिन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या बचावाचा मेंदू. मेंदूबिंदू काही नाही. प्रत्येक डावाआधी बचावाची कुठली मांडणी लावायची ते मी हेडफोनवरून खाली सांगतो, आणि चेंडू सुटायच्या आत बोट नाचवत अकरा मोजतो. दहा निघाले तर भोक पडतं. बारा निघाले तर पंच पिवळा रुमाल फेकतो आणि पाच यार्ड फुकट जातात. एकतीस वर्षं मोजतोय. बायको म्हणते, चर्चमध्येसुद्धा तुझं बोट चालूच असतं.

म्हणून त्या रविवारी जे दिसलं ते म्हातारपणाच्या डोळ्यांवर ढकलून मोकळं होणं मला जमलं नाही.

नोव्हेंबरचा दुसरा रविवार. नऊ सामने झालेले, नऊही जिंकलेले. उरला होता फक्त शेवटचा, सेंट ओडो कॉलेजशी. तो जिंकला की ट्रॉफी आमची, आणि माझ्या हयातीत हॉलिनने ट्रॉफी पाहिलेली नाही. गोलखांबांच्या मागे आमचा कॅमेऱ्याचा मनोरा होता, तो जूनच्या वादळात आडवा झाला. कॉलेजने तो उभा करायला नोव्हेंबर उजाडवला. तोवर आमच्याकडे होती ती बाजूच्या कॅमेऱ्याची फिल्म, आणि तो कॅमेरा कुत्र्यासारखा चेंडूच्या मागे पळतो. बचावातला सगळ्यात मागचा माणूस त्यात कधी दिसत नाही. आदल्या दिवशीचा सामना हा मनोऱ्यावरून टिपलेला पहिला.

हेड कोच डेल ऑस्टर आणि मी चर्चमधून थेट फिल्मच्या खोलीत आलो. डेल माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी त्याला पोटावरून बोलतो, तो मला कानांवरून. त्याच्या बायकोने कोलाच्यांचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा, डबा दिला होता आणि त्यातल्या तीन त्याने पडदा उजळायच्या आतच संपवल्या होत्या.

"थांब," मी म्हटलं. "मागे घे जरा."

"काय झालं?"

"मोज."

"तूच मोज. तुला त्याचाच पगार देतात."

"मी मोजले. आता तू मोज."

तो हातातल्या कोलाचीनेच मोजायला लागला. "पुढे चार. मध्ये दोन. मागे एक, दोन, तीन, चार..." मग थांबला. "एक जण कॅमेऱ्याबाहेर असेल."

"मनोऱ्यावरचा कॅमेरा आहे हा, डेल. यातून पलीकडच्या गावचं धान्याचं कोठार दिसतंय, आणि आपला गडी दिसत नाही?"

या मांडणीला आम्ही पाचवाली म्हणतो. समोरचा संघ लांब फेकणारच अशी वेळ आली की मधला एक जाड्या बाहेर काढायचा आणि मागे पाच जण ठेवायचे. पुढे चार, मध्ये दोन, मागे पाच. त्या पाचांतला शेवटचा, अगदी मागे मधोमध उभा राहणारा, तो सेफ्टी. सगळे चुकले तरी त्याने चुकायचं नाही. पडद्यावर त्याच्या जागी नुसतं पिवळं पडलेलं गवत होतं.

आम्ही सगळा सामना पाहिला. एकोणीस वेळा पाचवाली लावली होती आणि एकोणीस वेळा दहाच गडी होते. मी माझी वही उघडली. एकोणीस ओळींसमोर माझ्याच पेन्सिलीने लिहिलेला अकराचा आकडा. पडद्यावर पंचही दिसत होता. मोजून अकरा भरले की पंच मूठ वर करतो. एकोणीसच्या एकोणीस वेळा त्याने मूठ वर केली होती.

पण फिल्म पुन्हा मागे घ्यायला लावली ती दुसऱ्याच गोष्टीने. समोरच्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा पोरगा, प्रत्येक वेळी मान वर करून त्या मोकळ्या गवताकडे बघायचा. तिथे फेकला असता तर आंधळ्यानेही गोल केला असता. तो बघायचा, दचकल्यासारखा मान फिरवायचा आणि चेंडू कडेला कुठेतरी फेकून द्यायचा.

डेलने डब्याचं झाकण लावलं. मी मागे वळून फळ्याकडे पाहिलं, आणि माझी चूक मला कळली.

आमचा फळा लोखंडी आहे. त्यावर लाल बिल्ले, मागे लोहचुंबक, पुढे गड्याचा नंबर. मांडणी ठरवायची म्हणजे हे बिल्ले सरकवत बसायचं. उजव्या कोपऱ्यात पाचवाली मांडलेली होती, आणि तिच्यात सगळ्यांच्या मागे, मधोमध, सत्तावीस नंबर होता. सत्तावीस म्हणजे एमेट रेझॅक. गेल्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात, याच मैदानावर, सेंट ओडोविरुद्ध खेळताना त्याच्या डोक्याला मार बसला आणि तीन दिवसांनी तो गेला. एकवीस वर्षांचा होता.

आमच्याकडे रीत अशी की गेलेल्या गड्याचा नंबर वर्षभर कोणाला द्यायचा नाही आणि त्याचा बिल्लाही हलवायचा नाही. जिथे असेल तिथे राहू द्यायचा. ऑगस्टमध्ये मी फळ्यावरून याद्या उतरवल्या, कुठल्या मांडणीला कोण पळत जाणार त्याच्या. पाचवालीचे बिल्ले मोजले. अकरा भरले. माझं समाधान झालं. त्यांतला एक मेलेला आहे हे माझ्या शहाण्या बोटाला कळलं नाही. मी यादी काढून बघितली तर तळाशी, माझ्याच अक्षरात, सत्तावीस.

"मुलांना काही बोलू नकोस," डेल म्हणाला.

मी बोललो. सोमवारी सरावाआधी ओरिन हॉल्टला बाजूला घेतलं. ओरिन पाचवालीत मागे उजव्या कडेला असतो. चार वर्षं खेळतोय, डोकं ठिकाणावर असलेला मुलगा.

"ओरिन, पाचवालीत तुझ्यामागे कोण असतं रे?"

"सेफ्टी."

"नाव सांग."

तो हसला. "काय कोच, परीक्षा घेताय का?" मग त्याचं हसू हळूहळू गेलं. "असतं ना कोणीतरी. म्हणजे... आवाज येतो."

"कसला?"

"टाळ्यांचा. हातमोजे घालून वाजवल्यासारख्या. टक, टक. दोनदाच. चेंडू सुटायच्या आधी. मग कळतं की मागे माणूस आहे."

"कधी वळून बघितलंस?"

"तुम्हीच तर सांगता कोच, पुढचा चेंडू सोडून मागे बघणारा गडी घरी बसवीन म्हणून."

सांगतो खरा. बाकीच्या तिघांनाही विचारलं. टाळ्या सगळ्यांनाच ऐकू येत होत्या, आणि तिथे कोण असतं हा प्रश्न वर्षभरात एकालाही पडला नव्हता.

मंगळवारी मी पाचवालीत अकरावा जिवंत मुलगा घातला. जोना पेटिट, पहिल्या वर्षाचा, हरणासारखा पळणारा. भर दुपारी, चांगलं ऊन असताना. तो मागे जाऊन उभा राहिला, पण मधोमध नाही, तीन पावलं डावीकडे.

"जोना, मध्ये ये!"

तो अर्धं पाऊल सरकला.

"अरे मध्ये म्हणजे मध्ये! आखून देऊ का चुन्याने?"

"नाही येता येत, कोच."

"का? पाय बांधलेत?"

तो तिथूनच ओरडला, पण आवाज रडवेला झालेला. "इथे जागा नाहीये कोच!"

कोणी हसलं नाही. एरवी हॉलिनच्या पोरांनी त्याला महिनाभर पिडला असता. मी शिट्टी वाजवली आणि त्या दिवशीचा सराव आटोपता घेतला.

बुधवारी मी मिलो रेझॅककडे गेलो. मिलो म्हणजे एमेटचा बाप. गावच्या धान्याच्या कोठारावर ट्रक तोलतो. आम्ही एका बाकावर शिकलो, एकाच मैदानावर धडपडलो. मुलगा गेल्यावरही तो प्रत्येक सामन्याला येतो आणि माझ्या खोलीच्या बरोबर समोरच्या बाजूला, वरच्या रांगेत एकटा बसतो. मी त्याच्याकडे काय बोलायला गेलो होतो ते आजही मला सांगता येणार नाही. बहुतेक त्याला बघायलाच गेलो.

मक्याचा हंगाम संपत आला होता. काट्यावर ट्रक नव्हता. त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः खिडकीत टेकला.

"नऊ जिंकलेत," तो म्हणाला.

"हो."

"एमेटला फार पळवताय रे तुम्ही."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"असं बघू नकोस माझ्याकडे," मिलो म्हणाला. "मला वेड लागलेलं नाही. मला दिसतो तो. तुम्ही ती मागे पाच जण ठेवता ना, तेव्हाच. आला की तिथेच येतो, मधोमध. हेल्मेट असतं, चेहरा दिसत नाही. पण डावा खांदा जरा पाडून उभं राहायची ढब माझ्या पोराचीच. मला काय कोणी सांगायला पाहिजे?"

"दुसऱ्या कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगू? आईला त्याच्या? ती वर्षभरात त्या रस्त्यानेसुद्धा गेलेली नाही." त्याने टोपी काढली, परत घातली. "पहिल्या सामन्याला ताठ उभा होता. मला बरं वाटलं, वेन्ड, खोटं कशाला बोलू. घरी जाऊन पोटभर जेवलो त्या दिवशी. पण आता गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो. दमलाय तो. आणि दर वेळी वर बघतो, तुझ्या खिडकीकडे, आणि असं करतो."

मिलोने मूठ वळून आपल्या टोपीवर दोनदा मारली.

"हेल्मेटवर. दोनदा. ती कसली खूण रे? तुमच्यात काहीतरी ठरलेली असणार."

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्या टाळ्या नव्हत्याच.

खूण मला माहीत होती. आमच्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. दमलास, लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर हेल्मेटवर दोन थापा मार. म्हणजे, मला बाहेर काढा. गेल्या वर्षी तिसऱ्या सत्राच्या शेवटी एमेटला पहिला दणका बसला. तो उठला, डोलला, वर माझ्या खिडकीकडे बघितलं आणि हेल्मेटवर दोन थापा मारल्या. मी दुर्बिणीतून स्पष्ट पाहिलं. डेलने खालून हेडफोनवर विचारलं, रेझॅकला काढू का? त्याच्या जागी घालायला माझ्याकडे एक कच्चा पोरगा होता. पाचवाली मी एमेटच्या जिवावर बसवलेली. तो गेला की मांडणीच मोडायची. मी म्हटलं, "एक डाव राहू दे." त्याच डावात त्याला दुसरा दणका बसला. हे वर्षभर मी कोणाला सांगितलं नव्हतं. डेलला वाटत होतं, मला वरून काही दिसलंच नाही.

आणखी एक. मैदानात जाणाऱ्या गड्याने जुन्याच्या खांद्यावर थाप मारून त्याचं आडनाव घ्यायचं, "अमुक, बाहेर!" असं ओरडायचं, आणि तसं पुकारल्याशिवाय जुन्याने जागा सोडायची नाही, हा हॉलिनचा नियम. तो मीच घातलेला. मी नवा असताना एकदा बारावा गडी मैदानात राहून गेला आणि त्या रुमालापायी आमची ट्रॉफी गेली, तेव्हापासून. आमची पोरं तो प्रार्थनेसारखा पाळतात. एमेटला स्ट्रेचरवरून नेलं आणि सामना तिथेच थांबवला. त्याच्या जागी कोणी गेलं नाही. त्याला बाहेर म्हणून कोणी पुकारलंच नाही.

गुरुवारी मी डेलला म्हटलं, "शनिवारी पाचवाली नको. चार-तीन-चारवर काढू सामना."

"चार-तीन-चारवर? सेंट ओडो सामन्यात पन्नास वेळा फेकतात. चाळणी होईल आपली."

"होऊ दे."

"काय होऊ दे? पुढच्या वर्षी तू निवृत्त होणार. रिकाम्या हाताने जायचंय का तुला?" तो माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणला. "हे बघ, मला ते काय आहे कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण त्या पोराने नऊ सामने काढून दिलेत. दहावा काढू दे. त्यालाही आवडेल ते."

त्यालाही आवडेल! माझ्या डोक्यात तिडीक गेली, आणि ती डेलवर काढायची नव्हती, हेही मला त्याच क्षणी समजलं. मी फक्त एवढंच म्हटलं, की मांडणी मी ठरवतो. तो म्हणाला, ठरव बाबा.

शनिवार थंड होता. वारा असा की ध्वज ताठ उभे. मिलो त्याच्या जागी येऊन बसला होता. पहिल्या अर्ध्यात सगळं आमच्या मनासारखं झालं. चोवीस विरुद्ध सहा. मी पाचवालीचं नावही काढलं नाही. दुसऱ्या अर्ध्यात सेंट ओडोच्या क्वार्टरबॅकला आमची भोकं सापडली. तेरा झाले. मग वीस. डेल प्रत्येक डावाला हेडफोनवर कण्हत होता. नऊ सेकंद उरली तेव्हा आम्ही चोवीस, ते वीस, चेंडू त्यांच्या हातात आणि आमची गोलरेषा पस्तीस यार्डांवर. एकच फेक होती त्यांच्याकडे, आणि गोलाखेरीज दुसरं काही त्यांच्या कामाचं नव्हतं.

"पाचवाली!" डेल ओरडला. "वेन्डेल, तुझ्या पाया पडतो, आता तरी पाचवाली लाव!"

दुसरा इलाजच नव्हता. ती वेळच पाचवालीची होती. "लाव," मी म्हटलं, "पण जोना धरून. पूर्ण अकरा."

जोना पळत आत गेला. मधल्या जागेजवळ जाऊन अडखळला आणि तीन पावलं डावीकडे उभा राहिला. मी बोट नाचवलं. चार, दोन, पाच. अकरा.

पंचाने पिवळा रुमाल फेकला.

"बचाव, मैदानात बारा गडी. पाच यार्ड."

डेल पंचाच्या अंगावर धावून गेला. हेडफोन चालूच होता, मला सगळं ऐकू येत होतं. "बारा कुठून आणलेस? मोज की पुन्हा!" आणि पंचाचा थंड आवाज, "दोनदा मोजले, कोच. तुमचा एक जण बाहेर काढा." पंच खोटं बोलत नव्हता. तो मागे बघत होता, मधोमध, माणसाकडे बघावं तसा.

"ऐकलंस?" डेल धापा टाकत होता. "जोनाला काढतो. दहाच ठेवतो. नऊ सामने झालं तसं होईल. कोणी तिथे फेकणार नाही. वेन्डेल? ऐकतोयस ना?"

मी दुर्बीण लावली. मला गवतच दिसलं. पण हेडफोनमध्ये, डेलच्या धापांच्या मागे, आवाज आला. टक, टक. प्लास्टिकवर मुठीचा. समोरच्या बाजूला मिलो उभा राहिला होता. सगळं मैदान चेंडूकडे बघत होतं, तो एकटा माझ्या खिडकीकडे बघत होता.

एक डाव. नुसता एक डाव राहू दिला की ट्रॉफी आमची होती. हे शब्द मी आधी एकदा उच्चारले होते आणि त्यांची चव माझ्या तोंडात अजून होती.

"डेल, जोना राहील. रेझॅकला बाहेर काढायचं."

"काय?"

"गेल्या वर्षी त्याने मला खूण केली होती. हेल्मेटवर. मी पाहिली. तू विचारलंस तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, एक डाव राहू दे. मला सगळं दिसत होतं, डेल."

खाली डेल वळला आणि त्याने वर माझ्या खिडकीकडे बघितलं.

"वर्षभर बोलला नाहीस," तो म्हणाला.

"नाही बोललो. जोनाला बोलाव. नियमाप्रमाणे आत पाठव. खांद्यावर थाप, आडनाव, सगळं. अर्धवट नको."

डेलने जोनाला कडेला बोलावून कानात सांगितलं. मी दुर्बिणीतून त्या पोराचा चेहरा पाहिला. पांढराफटक पडला होता. पण गेला. पळत गेला, थेट मधोमध, आणि हाताच्या अंतरावर थांबला. हात वर केला. हवेत, एका उंच मुलाच्या खांद्याइतक्या उंचीवर, तळवा टेकवला. तो तळवा तिथे थांबला, खाली गेला नाही.

"रेझॅक, बाहेर!"

वारा असूनही ते मला खिडकीच्या काचेतून ऐकू आलं.

ओरिनने मागे वळून पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा. मग बाकीच्या नऊ जणांनी. दहाही माना मधल्या जागेपासून हळूहळू कडेच्या रेषेकडे फिरत गेल्या, कोणी दमलेला माणूस पाय ओढत निघाला की आपण वाट देत बघतो तशा. सेंट ओडोचा क्वार्टरबॅकही त्याच बाजूला बघत होता. माना रेषेपाशी थांबल्या. पंचाने मोजलं आणि मूठ वर केली. मीही मोजले. अकरा. जोना बरोबर मधोमध उभा होता.

मग चेंडू सुटला. क्वार्टरबॅकने मान वर केली, मध्ये बघितलं, आणि या वेळी दचकला नाही. सरळ मधोमध फेकला. जोना एका पावलाने उशिरा पोचला. पहिल्या वर्षाचं पोर ते, कधीच त्या जागी खेळलेलं नाही, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. चोवीस विरुद्ध सव्वीस. सेंट ओडोची माणसं मैदानात घुसली आणि मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

खाली आलो तेव्हा डेल मान फिरवून माझ्याजवळून गेला. मिलो कुंपणाच्या कठड्यापाशी उभा होता, जिथून गडी बाहेर येतात तिथे.

"आला बाहेर," तो म्हणाला.

"मिलो, ती खूण..."

"कळलं मला. तुझ्या त्या पोराने पुकारलं तेव्हाच कळलं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "बुधवारी मी विचारलं तेव्हा माहीत होतं तुला?"

"हो."

"आणि गेल्या वर्षी? त्याने केली तेव्हा?"

"हो. पाहिली होती मी. राहू दे म्हटलं."

मला वाटलं, मारेल. मारावं असंही वाटलं. त्याने फक्त टोपी नीट बसवली आणि गाडीतळाकडे चालू लागला. सावकाश चालला होता, त्याला घाई नव्हती म्हणून नाही, बरोबरच्या माणसाला घाई करवत नव्हती म्हणून. मी मागे गेलो, का ते माहीत नाही. माझ्याशी तो त्यानंतर आजवर बोललेला नाही, आणि बोलावं असं म्हणायचा हक्क मला नाही.

पिकअपपाशी पोचल्यावर त्याने आधी पलीकडचं दार उघडलं, शेजारच्या सीटचं. ते धरून उभा राहिला. थोडा वेळ गेला, एखाद्याला अवघडलेल्या अंगाने चढून बसायला लागतो तेवढा. मग दार हळूच लावलं, वळसा घालून आपल्या बाजूने बसला आणि गाडी काढली.

गाडी माझ्या अगदी समोरून गेली. जन्मभर माणसं मोजत आलो, पण त्या गाडीत किती जण होते ते मी मोजलं नाही.